छोटा चार्जिंगचा एलईडी कंदील: घरच्यांसाठी सेटिंग कसं लावून द्यावं?

पूरपट्टा
नमस्कार मंडळी,

आमचं घर कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखलीत, मी नोकरीमुळं पुण्यात. घरी आई आणि आबा दोघंच. २०१९ आणि २०२१ चे महापूर ज्यांनी बघितलेत त्यांना चिखली म्हटल्यावर वेगळं काही सांगायला नको. इशारा आला की जनावरं, धान्य, कागदपत्रं घेऊन उंचावरची सोनतळी गाठायची. लाईट पाण्याच्या आधी जाते. मोबाईलची बॅटरी लावून बसलं की मोबाईल संपतो आणि इकडं आमचा जीव टांगणीला लागतो.

म्हणून यंदा एक छोटा चार्जिंगचा कंदील घेतलाय. मुठीत मावेल एवढा. आत १८६५० मापाचा एकच लिथियम सेल, टाईप-सी चार्जिंग, वर अडकवायला कडी. उजेडाचा रंग पिवळ्यापासून पांढऱ्यापर्यंत बदलतो. बटण मात्र एकच आणि त्याच्यावर तीन क्लिक, चार क्लिक, दहा क्लिक असं बरंच काही आहे. मला माहितीपत्रक वाचून समजलं, पण अंधारात तो आईच्या हातात जाणार आहे. तिनं बटण दाबलं की चांगला उजेड पडला पाहिजे, परत दाबलं की बंद, एवढंच हवंय.

उजेड किती ठेवू? रंग कुठला? एका चार्जिंगवर किती रात्री निघतील? आणि कंदिलात आणखी काय बदल करून घेण्यासारखे आहेत? पुढच्या आठवड्यात गावी जातोय, त्याआधी सगळं लावून द्यायचंय.

रंकाळा_संध्याकाळ
आधी झाकण उघडून सेलच्या टोकाशी प्लॅस्टिकची गोल चकती आहे का बघा. नवीन कंदिलात बहुतेकदा असते. ती काढल्याशिवाय पेटत नाही आणि लोक माल खराब म्हणून परत पाठवतात.

सोल्डरगडी
वर्णनावरून त्यात अँडुरिल हे मुक्त-स्रोत फर्मवेअर, म्हणजे कंदील चालवणारं आतलं सॉफ्टवेअर, दिसतंय. तसं असेल तर तुमचं काम सोपं आहे, कारण त्यात घरच्यांसाठी साधा मोड आणि आपल्यासाठी प्रगत मोड असे दोन वेगळे आहेत. नवा कंदील साध्या मोडमध्येच येतो.

कंदील बंद असताना दहा वेळा दाबा, दहावा दाब धरून ठेवा. प्रगत मोड चालू होतो. आता कंदील लावून आईला हवा तेवढा उजेड आणि हवा तो रंग आणा. बटण धरून ठेवलं की उजेड वाढतो, दोनदा दाबून दुसरा दाब धरला की कमी होतो, तीनदा दाबून तिसरा धरला की रंग सरकतो. मनासारखं झालं की पेटलेल्या स्थितीतच दहा क्लिक. तो उजेड कायमचा लक्षात राहतो. कुणी मध्येच कमीजास्त केला तरी पुढच्या वेळी तिथूनच सुरू होणार.

मग कंदील बंद करा आणि परत दहा दाब, दहावा धरलेला. प्रगत मोडमध्ये असताना हेच केलं की साध्या मोडची मर्यादा लावायचं सेटिंग उघडतं. पहिल्या लुकलुकीनंतर सोडलं तर सर्वांत कमी उजेड, दुसऱ्या लुकलुकीनंतर सोडलं तर सर्वांत जास्त उजेड. सोडल्यावर दिवा थरथरायला लागतो, तेव्हा क्लिक करून आकडा द्यायचा. जास्तीच्या मर्यादेचा आकडा उलटा मोजतात हे ध्यानात ठेवा. एकूण पायऱ्या १५०. १ क्लिक म्हणजे १५०, ३१ क्लिक म्हणजे १२०. म्हणजे जेवढे क्लिक जास्त तेवढी मर्यादा खाली.

शेवटी बंद स्थितीत दहा साध्या क्लिक, की परत साधा मोड. झालं.

तांबडापांढरा
मंडळी, कोल्हापुरात रंगाचा प्रश्न विचारायचाच कशाला? २७०० केल्विनचा पिवळा उजेड म्हणजे तांबडा रस्सा, ६५०० केल्विनचा पांढरा उजेड म्हणजे पांढरा रस्सा. दोन्ही वाट्या पानात पाहिजेत. 😄

आक्का_बावडा
पूरपट्टा, मी तुमच्या आईच्या वयाची आहे म्हणून सांगते. पिवळाच ठेवा. पांढऱ्या उजेडानं डोळे दिपतात, आणि मग कंदिलाच्या बाहेर बघितलं की काळोख जास्तच दाटतो. उंबरा दिसत नाही, पायरी दिसत नाही. शिवाय पावसाळ्यात पांढऱ्या दिव्यावर किडे किती येतात! ताटात पडतात. पिवळ्यावर येतात, पण कमी.

आणि उजेड फार नको. रात्री एक-दोनदा उठायला, औषधाची पाकिटं ओळखायला पुरेल एवढा बास.

सोल्डरगडी
आक्का बरोबर सांगतायत. किड्यांना निळसर आणि अतिनील उजेड जास्त ओढतो, पिवळ्या एलईडीत तो भाग कमी असतो.

आता किती रात्री निघतील त्याचा हिशेब. खरा ३००० एमएएच क्षमतेचा सेल म्हणजे साधारण ११ वॅट-तास ऊर्जा. ल्युमेन हे उजेडाचं माप, चांगल्या एलईडीतून एका वॅटला १०० च्या आसपास ल्युमेन धरा. ३० ल्युमेनवर ठेवला तर पंचवीस-तीस तास आरामात, म्हणजे रोज सात-आठ तास लावला तर तीन-चार रात्री. तोच ३०० ल्युमेनवर लावला तर तीन तासांत खलास. एक मेणबत्ती जेमतेम १२ ल्युमेन उजेड देते, त्यामुळं ३० कमी वाटून घेऊ नका. एका खोलीत जेवायला, बोलायला भरपूर होतात. म्हणून वरची मर्यादा लावणं महत्त्वाचं. नाहीतर कुणीतरी हौसेनं पूर्ण उजेड करणार आणि पहिल्याच रात्री कंदील झोपणार.

जुनं_ते_सोनं
माझं मत वेगळं आहे. वडीलधाऱ्यांच्या हातात क्लिक मोजायची वस्तू देऊच नये. बाजारात फिरवायच्या कानाचा चार्जिंगचा कंदील मिळतो. कान फिरवला की उजेड वाढला, उलटा फिरवला की बंद. रॉकेलच्या कंदिलाची वात वरखाली करायची सवय त्या पिढीच्या हातात आहे. त्यांना काही शिकवावं लागत नाही. दहा क्लिकांचं सेटिंग चुकून उडालं तर पुरात कोण नीट करायला येणार आहे?

पूरपट्टा
जुनं_ते_सोनं, तुमचा मुद्दा मनाला लागला. तसा एक कंदील आमच्याकडं होता. दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत टिकला नाही. रात्रभर चार्जिंगला लावला तरी दहा मिनिटांत मंद व्हायचा.

उद्यमनगरी
त्यात ४ व्होल्टची शिसे-आम्लाची सीलबंद बॅटरी असणार. ती बॅटरी रिकामी होऊन तशीच महिनोन्महिने पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट धरतं आणि मग ती चार्ज धरतच नाही. आपल्याकडं कंदील पावसाळ्यात वापरतात आणि दिवाळीनंतर माळ्यावर टाकतात, म्हणजे मरायची पूर्ण व्यवस्था. कान फिरवायचा कंदील घ्यायचाच असेल तर लिथियमवाला बघून घ्या. ते आता मिळतात. कानाच्या बाबतीत मात्र मी जुनं_ते_सोनं यांच्या बाजूचा आहे, हाताला कळतंय ते सर्वांत बरं.

सोल्डरगडी
सेटिंग उडायच्या भीतीबद्दल: सेल काढला तरी ते जात नाही. आणि साध्या मोडमध्ये ते चुकून बदलणं अवघड आहे, कारण धोक्याच्या सगळ्या गोष्टी प्रगत मोडमध्येच आहेत. आईला एकच क्लिक शिकवा.

बांधावरनं
आमच्याकडं शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रातची. रातच्या लाईटीवर उसाला पाणी पाजायला जायचं म्हंजे घोणस कुठं वेटोळं करून बसली आसंल सांगता येत न्हाई. मी असलाच बारका कंदील वापरतोय. तर एक गोष्ट बगा. कंदील हातात घेऊन चाललं की उजेड आधी आपल्याच डोळ्यात येतोय, पायाखालचं काय दिसत न्हाई. त्यावर मी काय केलं, एसीच्या डक्टला लावत्यात ती चांदीवानी चिकटपट्टी आणली आन कंदिलाच्या पांढऱ्या टोपीवर मागच्या अर्ध्या बाजूला आतनं चिकटवली. पट्टी नखानं दाबत दाबत बसवायची, खाली हवा राहिली की फुगतीया. आता सगळा उजेड म्होरं पडतोय, डोळ्याला तरास न्हाई, आन त्याच चार्जिंगवर बांध लांबपातूर दिसतोय. कडीला सुतळी बांधून कंदील गुडघ्याच्या खाली धरायचा. सावली लांब पडती आन पाटात काय आडवं पडलंय ते लगीच कळतंय.

आक्का_बावडा
बांधावरनं, गमबूट घालता ना? कंदील कितीही चांगला असला तरी उसात अनवाणी जाऊ नका बाबा. आणि एवढं करून सापानं डसलंच तर थेट सरकारी दवाखाना, मंत्रबिंत्र नको.

बांधावरनं
व्हय आक्का, गमबूट आन काठी दोन्ही. काठी आपटत चालायचं.

काजवा
थोडं विषयाला सोडून. राधानगरी, दाजीपूरकडं मे-जूनमध्ये काजवे बघायला जाणाऱ्यांनी असले कंदील गाडीतच ठेवावेत ही कळकळीची विनंती. काजव्याचा नर उडता उडता चमकतो आणि मादी झुडपातून उत्तर देते, सगळं लग्न त्या लुकलुकीवर जमतं. शेजारी कुणी पांढरा दिवा लावला की तो संवादच बुडतो. वाट दिसण्यापुरता उजेड हवाच असेल तर लाल, तोही अगदी मंद आणि जमिनीकडं. कंदिलाच्या टोपीवर लाल जिलेटिनचा कागद दुहेरी गुंडाळून रबर लावलं की काम होतं.

भटकंती_पन्हाळा
काजवा, सहमत. पन्हाळा ते पावनखिंड मोहिमेत मुक्कामाच्या गावात आम्ही हेच करतो. शंभर माणसं एका शाळेत झोपलेली असतात, कुणी पांढरा दिवा लावला की सगळी जागी होतात. लाल कागद लावला की बूट, पाण्याची बाटली सापडते आणि कुणाची झोप मोडत नाही. त्या वाटेवर पाऊस असा असतो की कंदिलाची चार्जिंगची रबरी टोपी नीट बसलीय ना हे निघताना बघावंच लागतं. झाकणाच्या आट्यांना आणि तिथल्या रबरी कडीला थोडं सिलिकॉनचं ग्रीस लावा. व्हॅसलीन लावू नका, काही जातीचं रबर त्यानं फुगतं.

बांधावरनं
किडं येत्यात म्हून पांढरा उजेड वाईट म्हणताय, पर आमाला त्योच उपयोगी पडतोय. वळवाचा पाऊस झाला की हुमणीचं भुंगेरं जमिनीतनं भाईर येत्यात, आन कडुनिंबावर, बाभळीवर गोळा हुत्यात. झाडाखाली टोपात पाणी आन जरासं रॉकेल, वर कंदील पांढऱ्यावर लावून टांगायचा. दिवस मावळल्यापासनं दोन तासात टोपात ढीग पडतोय. एकट्यानं करून फायदा न्हाई, शेजारच्या रानानं पण लावाय पायजे.

तांबडापांढरा
बघा, म्हटलं होतं ना, दोन्ही वाट्या पाहिजेत!

उद्यमनगरी
आता बदलांकडं येतो, माझा आवडीचा भाग.

असल्या बऱ्याच कंदिलांच्या बुडाला कॅमेऱ्याच्या तिपाईचा पाव इंची आटा असतो. तुमच्याला असेल तर शिवाजी उद्यमनगरातल्या कुठल्याही लेथवाल्याला सांगून जाड बैठक करून घ्या. मी अॅल्युमिनियमच्या गोल तुकड्याची करून घेतली, तळहाताएवढी रुंद, मधोमध पाव इंची स्टड. कारागिरानं कडा इतक्या सुबक मारून दिल्या की हातात घेतल्यावर सोडवत नाही. त्यामुळं कंदील मांजरानं धक्का दिला तरी कलंडत नाही. बैठकीच्या खालच्या बाजूला खाच करून दोन ताकदवान निओडिमियम चुंबकं बसवली, आता तो लोखंडी कपाटाला किंवा ट्रॅक्टरच्या बॉनेटला आडवा चिकटतो. चुंबक बसवायला एपॉक्सी वापरा, सोल्डरिंग गन लावू नका. साध्या प्रतीचं निओडिमियम ८० अंशांच्या पुढं तापलं की ताकद सोडायला लागतं.

आईसाठी आणखी एक: रेडियमवाल्याकडं अंधारात चमकणारी पट्टी मिळते. बटणाभोवती तिचा गोल वळसा. पण ती उजेड पिऊनच चमकते आणि काही तासांत मंदावते, म्हणून कंदील कपाटात न ठेवता बाहेर खुंटीवर राहू दे.

रंकाळा_संध्याकाळ
बटणात बारीक दिवा असलेले कंदीलही येतात, तो सतत मिणमिणतो. महिनोन्महिने चालतो म्हणतात, पण सेल खातोच. मला पट्टीच बरी वाटते.

वीजतंत्री
सेलबद्दल कुणी बोललं नाही, आणि खरा जीव तिथंच आहे.

१८६५० हे आकारमान आहे, १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब. या आकारात चांगल्यात चांगला सेल ३५०० एमएएचच्या आसपास जातो. ऑनलाईन ९८०० एमएएच छापलेले स्वस्त सेल मिळतात ते सरळसरळ खोटे आहेत. घरात छोटा वजनकाटा असेल तर ठेवून बघा. खरा सेल ४५ ते ४८ ग्रॅमच्या आसपास भरतो. पोकळ माल तीसच्या घरातही सापडतो.

व्होल्टेज समजून घ्या. भरलेला ४.२, मधला ३.७, आणि ३ च्या खाली नेऊ नये. अँडुरिलमध्ये बंद स्थितीत तीन क्लिक केल्यावर कंदील स्वतः सांगतो. चार लुकलुकी, थोडं थांबून एक लुकलुक, म्हणजे ४.१ व्होल्ट. तीन आणि मग चार आलं की चार्जिंगला लावा. हे आबांना शिकवा, आवडेल त्यांना.

बाहेरचं आवरण फाटलेला, फुगलेला किंवा पुराच्या पाण्यात बुडालेला सेल परत वापरू नका. आणि सेलच्या टोकाला घरी सोल्डरचा डाग द्यायला जाऊ नका, उष्णतेनं आतला पडदा खराब होतो. सेलला जोडणीची पट्टी स्पॉट वेल्डिंगनंच लावतात. जुना सेल कचऱ्याच्या गाडीत न टाकता टोकांना चिकटपट्टी लावून ई-कचरा घेणाऱ्याकडं द्या.

पूरपट्टा
खूप उपयोगी. पण एक अडचण आली. मोबाईलच्या नव्या चार्जरनं, दोन्ही बाजूंना टाईप-सी असलेल्या केबलनं कंदील चार्जच होत नाहीये. जुन्या चार्जरनं होतोय. पोर्ट खराब आहे का?

सोल्डरगडी
पोर्ट ठीक आहे. टाईप-सी चार्जर समोर कुणीतरी जोडलंय हे ओळखल्याशिवाय वीजच सोडत नाही. त्यासाठी कंदिलाच्या बाजूला ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर लागतात, आणि स्वस्तात काम करताना बरेच कारखाने ते गाळतात. जुन्या चौकोनी टोकाच्या चार्जरला ही ओळख लागत नाही, म्हणून तिथं चालतं. दुरुस्ती करायची तर दोन रेझिस्टर डागावे लागतील, जागा फार बारीक असते. त्यापेक्षा चालणारी केबल कंदिलाच्या कडीलाच बांधून टाका. पुरात सोनतळीच्या शेडमध्ये केबल शोधत बसायला नको.

काजवा
सौर पॅनेल लावला तर?

वीजतंत्री
उन्हाळ्यात झकास. महापूर येतो तेव्हा आठ-आठ दिवस सूर्यच दिसत नाही, छोटा पॅनेल तेव्हा नावालाच. पुरासाठी भरलेली पॉवर बँक किंवा ट्रॅक्टर, मोटारसायकलवर बसवलेलं यूएसबी सॉकेट जास्त खात्रीचं.

भटकंती_पन्हाळा
पावसाळाभर सेल पूर्ण भरून ठेवावा की अर्धा? पूर्ण भरून ठेवला तर लवकर म्हातारा होतो असं वाचलंय.

वीजतंत्री
खरं आहे, भरलेला सेल उष्णतेत पडून राहिला की लवकर झिजतो. वर्षातले आठ महिने अर्ध्याच्या आसपास, ३.७-३.८ व्होल्टवर ठेवा. पण जून ते सप्टेंबर भरलेलाच ठेवा, पुराच्या गावात सेलच्या आयुष्यापेक्षा रात्रीचा उजेड मोठा. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. पाणी ३५ च्या पुढं सरकलं अशी बातमी आली की कंदील, पॉवर बँक, मोबाईल सगळं एकदा चार्जिंगला लावायचं ही सवय घरात लावून द्या. २०१९ ला आणि २०२१ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं, तेव्हा एकदा गेलेली लाईट कधी येईल कुणाला सांगता येत नव्हतं.

जुनं_ते_सोनं
हे मात्र पटलं. पाण्याच्या पातळीला चार्जिंग बांधलं की आबांनाही वेगळं लक्षात ठेवावं लागणार नाही, बंधाऱ्याचा आकडा तर ते रोज विचारतातच.

आक्का_बावडा
आणि दोन कंदील घ्या पूरपट्टा. एक घरात, एक गोठ्यात. म्हैस सोडायच्या वेळी माणूस कंदील घेऊन जातं आणि घरातली बाई अंधारात भांडी गोळा करते. मी हे भोगलंय.

पूरपट्टा
आक्का, दुसरा आजच मागवला.

असं ठरवलंय. दोन्ही साध्या मोडमध्ये. घरातला पिवळा, मंद, वरची मर्यादा खाली ओढलेली. गोठ्यातला थोडा पांढऱ्याकडं झुकलेला आणि बांधावरनं यांच्यासारखी अर्ध्या टोपीला चांदीची पट्टी. बटणाभोवती रेडियम. चालणारी केबल कडीला बांधलेली. काल व्हिडिओ कॉलवर आईला कंदील दाखवून विचारलं, उजेड एवढा पुरे का? तर म्हणाली, आणखी जरा कमी कर, आबांना झोप लागत नाही.

सोल्डरगडी
मग आबांसाठी झोपायचं टायमर: पेटलेला असताना पाच वेळा दाबून पाचवा दाब धरा. कंदील हळूहळू मंद होत आपोआप बंद होतो. धरून ठेवलं की दर लुकलुकीला पाच मिनिटं वाढतात. आधी प्रगत मोडमध्ये स्वतः करून बघा, तुमच्या कंदिलात साध्या मोडमध्येही चालतंय का ते तपासा.

पूरपट्टा
आत्ता करून बघितलं, साध्या मोडमध्येही चालतंय. उद्यमनगरी, बैठकीसाठी लेथवाल्याला काय माप सांगू?

उद्यमनगरी
माप सांगू नका, कंदीलच घेऊन जा. आटा बघून तो स्टड लावेल. बैठकीची जाडी बोटाएवढी ठेवा, कडा मारायला विसरू नका म्हणावं. शनिवारी दुपारच्या आत गेलात तर थांबून करून मिळेल.